प्रकाश सुरांत कसा ठेवतात?

विजापूरच्या गोल घुमटाचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. सतराव्या शतकांत मुहंमद आदिलशहाच्या कबरीवर उभारलेल्या या इमारतींत, घुमटाच्या बुडाशीं, आंतल्या बाजूनें भिंतीला लागून एक गोल सज्जा आहे. त्या सज्ज्यांत एका बाजूस भिंतीशीं तोंड नेऊन कोणी हळूच कुजबुजलें, तर जवळजवळ अडतीस मीटर दूर, अगदीं समोरच्या बाजूस कान लावून बसलेल्या मनुष्याला तो शब्द स्पष्ट ऐकूं येतो. मोकळ्या माळावर तीच कुजबूज दहा पावलांवरही पोंचली नसती. यांत जादू कांहींच नाहीं. भिंतीचा गोलावा ध्वनीला इकडेतिकडे विखरूं न देतां आपल्या अंगाशीं धरून ठेवतो, इतकेंच.

ज्या युक्तीनें घुमट ध्वनीला धरून ठेवतो, जवळजवळ त्याच युक्तीनें कांचेच्या बारीक मण्यांत किंवा केसाहूनही लहान अशा सिलिकनच्या कड्यांत प्रकाशाला धरून ठेवतां येतें. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत ही विद्या फार पुढें गेली आहे. परंतु प्रकाश धरणें हें निम्मेंच काम होय. धरलेला प्रकाश हव्या त्या सुरांत राखणें हें दुसरें काम आणि तेंच अधिक कठीण. तंबोरा बनविणारा कारागीर निराळा आणि मैफल संपेपर्यंत तो सुरांत ठेवणारा निराळा. तसाच हा भेद आहे. प्रस्तुत भाषणांत या दुसऱ्या कामाचा परिचय करून द्यावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणें इष्ट होईल. लंडनच्या सेंट पॉल देवळांतही गोल घुमटासारखाच एक कुजबुजता सज्जा आहे. त्याचें कारण शोधतांना एअरी या ज्योतिर्विदानें असें म्हटलें होतें कीं, घुमटाच्या अंतर्गोल पृष्ठावरून परावर्तन पावलेला ध्वनि समोरच्या बिंदूपाशीं एकवटतो. लॉर्ड रॅले यांना हें पटलें नाहीं. तसें असतें तर कुजबूज समोरच्या एका जागींच ऐकूं आली असती. प्रत्यक्षांत ती भिंतीलगत कोठेंही ऐकूं येते. रॅले यांनीं पत्र्याची एक वाकविलेली पट्टी घेतली. तिच्या एका टोकाशीं बारीक आवाजाची शीळ ठेविली आणि दुसऱ्या टोकाशीं ध्वनि लागतांच फडफडणारी ज्योत ठेविली. शीळ वाजतांच ज्योत फडफडे. पण पत्र्याच्या आंतल्या अंगाला लागून एक अरुंद पट्टी आडवी धरली कीं ज्योत शांत होई. ध्वनि मधल्या मोकळ्या जागेंतून न जातां भिंतीला बिलगून जातो, हें त्यावरून उघड झालें. १९१० सालीं रॅले यांनीं या विषयाचें गणितही मांडलें. पुढें १९२१-२२ च्या सुमारास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं सदरलँड या सहकाऱ्यासह सेंट पॉलच्या सज्ज्यांत प्रयोग केले आणि हिंदुस्थानांत येऊन विजापूरच्या गोल घुमटाचेंही निरीक्षण केलें. तेव्हां या विषयाचा धागा आपल्याकडील इमारतीपर्यंत पोंचलेला आहे.

आतां ध्वनीच्या जागीं प्रकाश आणि घुमटाच्या जागीं कांचेचा मणी आहे अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. कांचेच्या आंतून चाललेला किरण पृष्ठभागाला पुरेसा तिरपा लागला, तर तो बाहेर हवेंत न पडतां सगळाच्या सगळा आंत परततो. विहिरींत बुडी मारून तिरप्या नजरेनें वर पाहणाऱ्याला पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो, तो याच कारणानें. मणी वाटोळा असल्यामुळें असा परतलेला किरण थोडें पुढें जाऊन पुन्हा पृष्ठभागाला तितकाच तिरपा लागतो, पुन्हा परततो, आणि अशा रीतीनें कडेकडेनें प्रदक्षिणा घालीत राहतो.

मात्र वाटेल त्या प्रकाशाला अशी प्रदक्षिणा मानवत नाहीं. प्रकाश ही लहर आहे, आणि लहरीला चढउतार असतात. एक फेरी पुरी करून आलेली लहर मागून येणाऱ्या लहरीला भेटते, त्या वेळीं दोघींचे चढ एकमेकांवर पडले तर त्यांचें बळ वाढतें. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडला तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. लेझमीच्या रिंगणांत सर्वांचीं पावलें एका तालावर पडलीं तर खेळ रंगतो, आणि अर्ध्यांचीं पावलें उलटीं पडलीं तर रिंगण मोडतें, तशांतला हा प्रकार आहे. म्हणून मण्याच्या परिघांत लहरींची संख्या पूर्णांकांतच बसली पाहिजे. शंभर बसल्या तर प्रकाश टिकेल, एकशें एक बसल्या तरी टिकेल. शंभर आणि अर्धी बसली तर मात्र टिकणार नाहीं. तंबोऱ्याची तार आपल्या लांबीला आणि ताणाला साजेल तोच सूर धरते, त्याप्रमाणें मणीही आपल्या आकाराला आणि आपल्या कांचेला साजेल तोच प्रकाश धरतो. यालाच अनुनाद म्हणतात, आणि ज्या लहानशा जागेंत हा अनुनाद घडतो तिला प्रकाशाची पोकळी असें नांव आहे. मणी, कडें, तबकडी किंवा समोरासमोर ठेवलेले दोन आरसे, हीं सर्व त्या पोकळीचींच निरनिराळीं रूपें होत.

पोकळी किती चांगली आहे हें मोजण्यासाठीं शास्त्रज्ञ एक आंकडा वापरतात. त्याला गुणांक म्हणूं. गुणांक दहा हजार आहे याचा अर्थ असा कीं, पोकळी ज्या सुराला साथ देते त्या सुराची रुंदी त्याच्या कंपनसंख्येच्या एक दहा-हजारांश आहे. गुणांक दहा कोटि झाला तर ती रुंदी एक दहा-कोट्यंश होते. गुणांक जितका मोठा, तितका प्रकाश आंत अधिक काळ टिकतो. आणि जितका अधिक काळ टिकतो, तितकी पोकळी आपल्या सुराविषयीं अधिक काटेकोर होते. या एका वाक्यांत पुढच्या सर्व अडचणींचें बीज आहे.

१९६१ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गॅरेट, कायझर व बाँड यांनीं एका स्फटिकाच्या मिलिमीटरभर आकाराच्या गोळ्यांत असा कडेनें फिरणारा लेसर-प्रकाश प्रथम पाहिला. १९७७ सालीं त्याच प्रयोगशाळेंतील अ‍ॅश्किन व झिएड्झिक यांनीं लेसरच्या झोतावर सूक्ष्म थेंब अधांतरीं तोलून धरले आणि त्या थेंबांचे अनुनाद मोजले. १९८९ सालीं मॉस्को येथें ब्रागिन्स्की, गोरोदेत्स्की व इल्चेंको यांनीं शुद्ध कांचेची तार ज्योतींत वितळवून तिच्या टोकाशीं नितळ मणी तयार केले. वितळलेली कांच थिजतांना पृष्ठताणामुळें आपोआप इतकी गुळगुळीत होते कीं कोणत्याही सहाणेवर तशी होणार नाहीं. १९९६ सालीं याच परंपरेंतील एका मण्याचा गुणांक सुमारें आठशें कोटि भरला. त्याचा हिशेब केला म्हणजे असें दिसतें कीं, मिलिमीटरहून लहान अशा त्या मण्यांत प्रकाश विझत जाण्यापूर्वी जवळजवळ अर्धा किलोमीटर चालतो, म्हणजे दोन लक्षांहून अधिक प्रदक्षिणा घालतो.

येथें एखादा चाणाक्ष श्रोता विचारील कीं, मण्यांतून प्रकाश बाहेरच पडत नाहीं, तर तो आंत शिरतो कोठून? ज्या दाराला बाहेरची कडी नाहीं त्यांतून प्रवेश कसा व्हावयाचा? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर असें कीं, परतणारा प्रकाश पृष्ठभागावर अगदीं तंतोतंत थांबत नाहीं. त्याचा एक पुसट पदर पृष्ठभागाबाहेर, लहरीच्या लांबीइतक्या अंतरापर्यंत, लोंबत राहतो. तेवढ्या अंतरांत दुसरी कांच आणून ठेवली तर तो पदर तिच्यांत शिरतो आणि फट ओलांडून प्रकाश पलीकडे जातो. प्रकाशाच्याच जातीच्या, पण पुष्कळ लांब अशा विद्युत्-लहरी घेऊन कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं दोन लोलकांमधील हवेची फट कमी-अधिक करून हीच गोष्ट दाखविली होती; त्यांचें संशोधन १८९७ सालीं प्रसिद्ध झालें. आज कांचेचा तंतु तापवून, ताणून, केसाच्या वीस-तिसाव्या हिश्शाइतका बारीक करतात आणि तो मण्याच्या कडेशीं नेतात. तंतूंतील प्रकाश फटीवरून मण्यांत उतरतो.

ही फट म्हणजे नियमनाची पहिली किल्ली होय. फट मोठी असली तर मण्यांत प्रकाश पुरेसा शिरत नाहीं. फट फारच लहान केली तर शिरलेला प्रकाश तितक्याच सहज बाहेर पडतो. या दोहोंच्या मध्यें एक नेमकें अंतर असें असतें कीं, फटीवाटे होणारी गळती आणि मण्याच्या आंत होणारा क्षय हीं बरोबर सारखीं होतात. त्या अंतरावर एक विलक्षण गोष्ट घडते. मण्याशीं सूर जुळलेला प्रकाश तंतूच्या दुसऱ्या टोकाला पोंचतच नाहीं. तेथें अंधार होतो. कारण तंतूंतून सरळ आलेली लहर आणि मण्यांतून फिरून परत तंतूंत उतरलेली लहर यांचें बळ समान व पावलें उलटीं असल्यामुळें दोघी एकमेकींना पुसून टाकतात. तंतूला किंवा मण्याला केसभर सरकवून ‘प्रकाश जाऊं द्यावा कीं अडवावा’ हें ठरवितां येतें, तें यामुळेंच.

दुसरी किल्ली उष्णतेची. तापलेली वस्तु फुगते हें सर्वांस ठाऊक आहे. पण कांच किंवा सिलिकन तापलें असतां त्यांतील प्रकाशाचा वेगही किंचित् घटतो, आणि सुरावर याचा परिणाम फुगण्याहूनही अधिक होतो. वेग बदलला कीं परिघांत बसणाऱ्या लहरींची संख्या बदलते आणि पोकळीचा सूर सरकतो. बैठकीच्या खोलींत गर्दी होऊन हवा तापली म्हणजे तंबोऱ्याच्या तारा उतरतात, तसेंच हें. मात्र प्रमाण निराळें आहे. ज्या कांचेच्या पोकळीचा गुणांक दहा कोटि आहे ती एक अंशानें तापली, तर तिचा सूर आपल्या रुंदीच्या कित्येक शंभर पट दूर सरकतो. एका अंशाच्या पांचशेव्या भागानें तापली तरी सूर सुटतो. खोलींत कोणी दार उघडलें, कोणी जवळ येऊन श्वास सोडला, एवढ्यानेंही तिचा तोल जावा.

सिलिकनच्या कड्याची गोष्ट व्यवहारदृष्ट्या अधिक महत्त्वाची आहे. २००५ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत मिशाल लिप्सन व त्यांचे सहकारी यांनीं अवघ्या १२ मायक्रोमीटर व्यासाचें सिलिकनचें कडें करून त्याच्या योगानें विजेच्या इशाऱ्यावर प्रकाश उघडझांक करून दाखविला. मनुष्याच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रोमीटर धरली, तर एका केसाच्या रुंदींत अशीं पांच-सहा कडीं मावतील. सिलिकनमध्यें विद्युत्-भार भरला कीं त्यांतील प्रकाशाचा वेग किंचित् वाढतो, कड्याचा सूर सरकतो, आणि जेथें अंधार होता तेथें उजेड होतो. भार काढून घेतला कीं पुन्हा अंधार. ही तिसरी किल्ली, विजेची. उष्णतेची किल्ली मंद आहे, विजेची अतिशय चपळ. एका सेकंदांत अब्जावधि वेळां अशी उघडझांक होऊं शकते, आणि उजेड व अंधार यांच्या या मालिकेंतच तारेची भाषा बोलावी तसा संदेश बोलतां येतो.

याचा उपयोग कोठें, असें कोणी विचारलें तर उत्तर सोपें आहे. आजच्या मोठमोठ्या संगणक-केंद्रांत एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे माहितीचा अखंड ओघ चालतो. तांब्याच्या तारेंतून ती माहिती वेगानें पाठवावयाची म्हटली कीं पुष्कळ वीज उष्णतेच्या रूपानें वाया जाते. प्रकाशाच्या वाटेनें ती पाठविल्यास हा खर्च पुष्कळ वांचतो. शिवाय एकाच वाटेवर निरनिराळ्या सुरांचे प्रकाश एकत्र सोडून, वाटेच्या कडेला ओळीनें मांडलेल्या कड्यांपैकीं प्रत्येकानें आपापला सूर तेवढा उचलावा, अशी योजना करतां येते. आकाशांत सर्व केंद्रांच्या लहरी एकत्र फिरत असतांना घरांतला रेडिओ जसा एकाच केंद्राची उचल करतो, तशीच ही निवड.

परंतु घरचा रेडिओ थंड कोपऱ्यांत ठेवलेला असतो आणि हें कडें मात्र तापत्या संगणकाच्या शेजारीं राहतें. सिलिकनच्या कड्याचा सूर एका अंशास सुमारें सात-आठ शतांश नॅनोमीटर सरकतो. दहा हजार गुणांकाचें कडें अवघ्या दोन अंशांत आपल्या सुरांतून बाहेर पडतें. आणि काम वाढलें कीं संगणकाचें तपमान वीस-तीस अंशांनीं सहज चढतें. त्याखेरीज कारखान्यांतून निघालेलीं दोन कडीं कधींच अगदीं सारखीं नसतात. रुंदींत एका नॅनोमीटरचा, म्हणजे मोजक्या अणूंचा फरक पडला तरी सूर सुमारें तितकाच हलतो. तेव्हां प्रत्येक कडें जन्मतःच थोडें बेसूर असतें आणि पुढें हवामानाप्रमाणें अधिक बेसूर होत जातें.

त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कड्याच्या वर धातूची एक अतिसूक्ष्म तापतार बसवितात. तारेंतून वीज सोडली कीं कडें तापतें आणि सूर लांब लहरीच्या दिशेनें सरकतो. तापतार तापवूं शकते, थंड करूं शकत नाहीं. म्हणून कडें मुद्दाम असें करतात कीं, तें थोडें कोमट ठेवल्यावरच इष्ट सुराला यावें. मग भोंवतालची हवा तापली तर तारेची वीज कमी करावयाची, थंडावली तर वाढवावयाची.

ही कमी-जास्त केव्हां व किती करावयाची, हें कळणार कसें? कड्यांतील प्रकाश मोजला तर तो घटला एवढें समजतें. पण सूर वर सुटला कीं खालीं उतरला, हें त्यावरून समजत नाहीं. टेंकडीच्या माथ्यावर धुक्यांत उभ्या असलेल्या मनुष्याला आपण उतरूं लागलों इतकें कळावें, पण पूर्वेकडे कीं पश्चिमेकडे तें कळूं नये, अशी ही अडचण आहे. रेडिओ ऐकणारा अशा वेळीं काय करतो? तो कळ किंचित् डावीकडे फिरवून पाहतो, किंचित् उजवीकडे फिरवून पाहतो, आणि ज्या बाजूस आवाज सुधारेल त्या बाजूस वळतो. अभियंतेही तेंच करतात. तापतारेची वीज सतत अतिसूक्ष्म प्रमाणांत मागेंपुढें हालवीत राहावयाची आणि त्या हेलकाव्याबरोबर प्रकाश वाढतो कीं घटतो हें पाहावयाचें. वाढत्या वीजेबरोबर प्रकाश वाढला तर माथा पुढें आहे. घटला तर माथा मागें राहिला. आणि दोन्ही बाजूंस सारखाच घटला तर आपण माथ्यावरच आहों.

याच तत्त्वाची अधिक नाजूक पद्धति १९८३ सालीं ड्रेव्हर, हॉल व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केली. पाउंड यांनीं सूक्ष्म विद्युत्-लहरींसाठीं पूर्वी काढलेली युक्ति त्यांनीं लेसरला लावली. मुख्य सुराच्या दोन्ही बाजूंस दोन दुय्यम सूर मुद्दाम निर्माण करून, पोकळीवरून परतलेल्या प्रकाशांत त्यांची तुलना केली कीं सूर किती व कोणत्या बाजूस सुटला तें तत्क्षणीं कळतें. गुरुत्वतरंग टिपणाऱ्या अमेरिकेंतील लायगो या यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजाही याच रीतीनें सुरांत धरल्या जातात. २०२३ सालीं केंद्र सरकारनें ज्या लायगो-इंडिया प्रकल्पास मंजुरी दिली, त्याची जागा हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ आहे. केसाहून लहान कडें आणि गांवाच्या शिवाएवढी लांब पोकळी, यांना सुरांत ठेवण्याचें शास्त्र मुळांत एकच आहे.

कधीं कधीं पोकळी आपला तोल आपणच सांभाळते, ही गोष्टही मौजेची आहे. आंत सांठलेला प्रकाश थोडा तरी शोषला जातो आणि त्यामुळें पोकळी तापून तिचा सूर लांब लहरीकडे सरकतो. लेसरची लहर पोकळीच्या सुरापेक्षां किंचित् आंखूड ठेवली असेल, तर लेसर जवळ येतांच पोकळी अधिक तापून पुढें सरते. लेसर दूर जातांच ती निवते आणि मागें परतते. दोघांतील अंतर त्यामुळें कायम राहतें. लेसरची लहर सुरापेक्षां किंचित् लांब असली, तर मात्र उलट प्रकार होतो. लेसर दूर गेला कीं पोकळी निवून आणखी दूर जाते आणि सूर तुटतो. एका बाजूनें गेलें तर उष्णता मित्र, दुसऱ्या बाजूनें गेलें तर वैरी! २००४ सालीं कारमोन, यांग व वाहाला यांनीं याचें नीट विवेचन केलें. अनुभवी प्रयोगकर्ता म्हणूनच लेसर नेहमीं आंखूड लहरीच्या बाजूनें हळूहळू जवळ आणतो.

आतांपर्यंतच्या वर्णनावरून पोकळीची नाजूक प्रकृति हा तिचा दोषच आहे, असा श्रोत्यांचा ग्रह होईल. परंतु एकाच्या घरचा दोष तो दुसऱ्याच्या घरचा गुण ठरतो. बारीकशा कारणानें ज्याचा सूर सुटतो, तें उपकरण बारीकसें कारण ओळखूंही शकतें. २००८ सालीं व्होल्मर, अर्नोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं पाण्यांत बुडविलेल्या कांचेच्या मण्यावर इन्फ्लुएंझाचा विषाणु येऊन चिकटतांच मण्याचा सूर एका पायरीएवढा सरकतो, हें दाखविलें. तो विषाणु मिलिमीटरच्या सुमारें दहा-हजाराव्या भागाएवढा असतो. असा एक कण चिकटला कीं एक पायरी, दुसरा चिकटला कीं दुसरी पायरी. कोणताही रंग किंवा औषध न लावतां एकएक विषाणु मोजण्याची ही वाट त्यामुळें मोकळी झाली.

मात्र येथेंही तोच जुना प्रश्न उभा राहतो. सूर सरकला तो विषाणु आला म्हणून, कीं पाणी किंचित् तापलें म्हणून? यासाठीं कित्येक उपकरणांत दोन कडीं शेजारींशेजारीं ठेवतात. एक तपासणीच्या द्रवाला उघडें आणि दुसरें झांकलेलें. उष्णतेनें दोघांचे सूर सारखेच सरकतात. कण चिकटला तर उघड्याचाच सूर सरकतो. दोहोंच्या वजाबाकींत खरी बातमी उरते. वैद्य नाडी पाहतांना रोग्याला थोडा वेळ स्वस्थ बसवितो, त्यांतला हा विवेक आहे. जो बदल मोजावयाचा त्याखेरीज इतर सर्व बदल आधीं ओळखून बाजूस काढावे लागतात.

या विद्येचें आणखी एक फळ सांगितलें पाहिजे. २००७ सालीं जर्मनींतील मॅक्स प्लँक क्वांटम ऑप्टिक्स संस्थेंत डेल-हे, किपेनबर्ग आदि संशोधकांनीं एका सूक्ष्म पोकळींत एकाच सुराचा प्रखर लेसर सोडला. तेथें प्रकाश इतका दाटला कीं त्यांतून समान अंतरावर असलेल्या अनेक सुरांची एक पूर्ण माळ उत्पन्न झाली. फणीच्या दात्यांसारखे दिसणारे हे सूर म्हणजे प्रकाशाची मोजपट्टीच होय. अशी मोजपट्टी मोठ्या लेसरांनीं करण्याच्या कामगिरीबद्दल हॉल व हेन्श यांना २००५ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला होता. तीच आतां नखावर मावेल इतक्या जागेंत करतां येऊं लागली. मात्र त्या एका लेसरचा सूर पोकळीच्या सुरापासून ढळला कीं सर्व दाते एकदम नाहींसे होतात. माळेचा दोरा एकच, आणि तोच सांभाळावयाचा.

शेवटीं खर्चाचा प्रश्न राहतो, आणि तो लहान नाहीं. प्रकाशाची वाट घेतली ती वीज वांचविण्यासाठीं. पण हजारों कड्यांच्या तापतारा रात्रंदिवस जळत ठेवावयाच्या म्हटलें, तर वांचलेली वीज सूर राखण्यांतच खर्चीं पडूं लागते. कमाई आणि पहारेकऱ्याचा पगार यांचा हा हिशेब आहे. म्हणून आज निरनिराळे उपाय पुढें येत आहेत. सिलिकन तापलें असतां प्रकाश मंदावतो. पण कांहीं पदार्थ असे आहेत कीं ते तापले असतां त्यांतील प्रकाश जलद होतो. टायटॅनियम डायॉक्साइड किंवा कांहीं प्लॅस्टिक यांचा लेप कड्यावर दिला, तर एकाचा परिणाम दुसरा पुष्कळसा खोडून काढतो आणि सूर बराच स्थिर राहतो. घड्याळाच्या लंबकांत दोन धातूंची जोडी घालून उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरक मोडून काढणाऱ्या जुन्या घड्याळजींनीं हीच नीति वापरली होती. कांहीं ठिकाणीं तापतारेखालची जागा पोखरून पोकळ करतात, म्हणजे उष्णता खालीं झिरपून वाया जात नाहीं आणि थोड्या विजेंत काम भागतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. पोकळीचा गुणांक वाढविणें म्हणजे तिची निष्ठा वाढविणें होय. आणि निष्ठा जितकी काटेकोर, तितकी ती राखण्याची जबाबदारी जड. आठशें कोटि गुणांकाचा मणी आपल्या सुराखेरीज दुसऱ्या कोणास ओळखत नाहीं हें खरें; पण तो सूर त्याच्याजवळ टिकवावयाचा तर उष्णता, वीज, फट आणि धूळ या सर्वांवर एकाच वेळीं नजर ठेवावी लागते. दहा हजार गुणांकाचें साधें कडें त्या मानानें सोशिक आहे, आणि म्हणूनच तापत्या संगणकाशेजारीं काम करण्यास तेंच अधिक लायक ठरतें. सर्वांत मोठा गुणांक हा नेहमींच सर्वांत उपयुक्त असतो असें नाहीं. कामाला पुरेल इतका काटेकोरपणा घ्यावा, आणि घेतलेला काटेकोरपणा सांभाळण्याचें सामर्थ्य प्रथम जोडावें, हें या सूक्ष्म कड्यांवर काम करणाऱ्या अभियंत्यांना पदोपदीं शिकावें लागलें आहे.